कुंकू लागलेला बोल्ट

माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला मी दोनदा मारलं. एकदा पान्यानं, एकदा नुसत्या हातानं. पान्याच्या माराला सात टाके पडले. हाताच्या माराला काहीच पडलं नाही, पण मला छळतो तो तोच.

आमच्या कोल्हापुराकडं दाजी म्हणजे मानाचा माणूस. पंगतीत पाट त्यांचा पहिला, त्यांच्यासमोर आवाज चढवायचा नाही, वयानं लहान असले तरी 'अहो-जाहो'. माझे दाजी तर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. आणि मी त्यांना मारलं ते घरापासून लांब, दुबईत, अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागातल्या एका गॅरेजमध्ये, जिथं आमच्या दोघांशिवाय मराठी समजणारं कुणी नव्हतं.

मी पाट्याचा मिस्त्री. ट्रकच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात, त्याला आमच्यात पाटा म्हणतात. वजन पडलं की पाटा वाकतो, वजन उतरलं की सरळ होतो. पंधराव्या वर्षापासून मी हेच केलं. डोळे बांधून पाटा भरतो म्हणून मिरवायचो. डोकं मात्र पहिल्यापासून तापट. आई म्हणायची, याच्या नाकावर राग बसलेलाच असतो, नुसता बसत नाही, पाय हलवत बसतो.

दाजी फौंड्रीत होते. फौंड्री बंद पडली, तेव्हा मीच त्यांना व्हिसा काढून बोलावून घेतलं. प्रेसखाली सापडून त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट गेलेलं. माणूस शांत, मोजून बोलणारा आणि मोजून काम करणारा. मी हाताच्या अंदाजानं नट कसायचो. ते ठरवलेला जोर पुरा झाला की वाजणारा टॉर्क पाना लावायचे आणि 'कट' असा आवाज आल्याशिवाय सोडायचे नाहीत. मला त्या 'कट'चा भयंकर राग यायचा.

मंदी आली तेव्हा गॅरेजमध्ये आम्ही नऊ जण होतो. वर्षभरात चार उरलो: रंगारी, इलेक्ट्रिशियन, दाजी आणि मी. गॅरेजचा अरबाब, म्हणजे मालक, तिथलाच स्थानिक माणूस. एके दिवशी त्यानं आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि सरळ सांगितलं, "काम नहीं है. दोनों में से एक रहेगा. दूसरा कॅन्सल." कॅन्सल म्हणजे व्हिसा रद्द, घरी परत.

कोण, ते ठरवायला त्यानं एक गाडी दिली.

गाडी सत्तर सालची, अमेरिकन, दोन दारांची, लांब नाकाची, नारिंगी. आठ सिलिंडरचं इंजिन. चालू केली की छातीत धडधडायचं. गाडी अरबाबच्या बहिणीच्या नवऱ्याची होती, म्हणजे त्याच्या दाजींचीच म्हणा. तो आत आला की अरबाब खुर्चीतून उठून उभा राहायचा. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

गाडीचं दुखणं असं, की जोरात सोडली की मागचा भाग उड्या मारायचा. इंजिनची सगळी ताकद मागच्या हौसिंगला, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांमधल्या लोखंडी कण्याला, पिळते, हौसिंग पाट्याला मुरगळतं, आणि मुरगळलेला पाटा झटक्यात सुटतो. सुटला की चाक रस्ता सोडतं, परत आपटतं, परत मुरगळतं. सेकंदात पाच-सहा वेळा. पकड म्हणून राहत नाही. गाडी पुढं जायच्या ऐवजी जागेवर रस्त्याला बुक्के मारत बसते.

"गाडी जो ठीक करेगा, वो रहेगा," अरबाब म्हणाला. "खलास."

मी मनात म्हटलं, झालं! पाटा म्हणजे आपल्या घरचा विषय. ट्रकला वजन पेलत नसलं की आम्ही काय करतो? एक पट्टी वाढवतो. मी दोन्ही बाजूंना एकेक वाढवली.

दाजी बघत होते. म्हणाले, "पाव्हणं, पट्टी वाढवून गाडी नुस्ती ताठ हुईल. उडी न्हाई जायची. ह्येला मुरगळू न देणारा दांडा पायजे."

"दाजी, तुम्ही फौंड्रीतलं बघा," मी म्हटलं.

गॅरेजसमोरच्या गल्लीत गाडीच्या मालकानं गाडी सोडली. आयला, काय सांगू! मागची चाकं अशी आपटायला लागली, की शेजारच्या दुकानांची शटरं थरथरली. धाड, धाड, धाड, आणि मग खालून लोखंड फाटल्याचा आवाज. इंजिनची ताकद मागं नेणारा शाफ्ट जॉइंटमधून तुटला आणि गाडीच्या तळावर घणासारखा बडवत राहिला. तो माणूस उतरला आणि त्यानं माझ्या हत्यारांच्या पेटीला लाथ घातली. सगळे पाने गल्लीभर. अरबाबनं माझी मान धरली आणि तोंड त्या तापलेल्या बॉनेटवर दाबलं. किती वेळ, सांगता येत नाही. डाव्या गालावर अजून चट्टा आहे. लोक विचारतात, मी सायलेन्सर लागला म्हणून सांगतो.

त्यानं सोडल्यावर मी आत गेलो, कोपऱ्यातली एक जुनी पट्टी उचलली आणि भिंतीवर फेकली. पत्र्याला भोक पडलं. दाजी पाणी घेऊन आले. मी ग्लास उडवला.

"आता तुमचीच मजा," मी म्हणालो. "मी जातो घरी, तुम्ही ऱ्हावा इथं."

"कुणी जाणार न्हाई," दाजी म्हणाले. "गाडी दोघं करू. अरबाबला दोघांचं काम दिसंल."

मला ते पटलं नाही. पण दुसरा उपाय माझ्याकडं नव्हता.

दाजींच्या म्हणण्याप्रमाणं मी घातलेल्या पट्ट्या काढल्या. नवे पाटे, नवे शॉकअप, आणि पाट्याखाली दोन्ही बाजूंना एकेक पोलादी दांडा. दांड्याचं एक टोक मागच्या हौसिंगला, दुसरं पाट्याच्या पुढच्या टोकापाशी. हौसिंग मुरगळायला लागलं की दांडा पुढं टेकतो, मुरगळू देत नाही, आणि तोच जोर चाकाला खाली रस्त्यावर दाबतो. अवघं इतकंच. दाजींनी कागदावर काढून दाखवलं तेव्हा माझ्या लगेच डोक्यात शिरलं, आणि आपल्याला हे का सुचलं नाही म्हणून मी आणखीनच पेटलो.

डावी बाजू माझी, उजवी त्यांची. यात एक गोष्ट महत्त्वाची असते. पाट्याच्या टोकांचे बोल्ट गाडी वर उचललेली असताना शेवटचे कसायचे नाहीत. कसले तर आतलं रबर गाडी खाली येताना पिळवटतं आणि फाटतं. म्हणून बोल्ट नुसते हातानं लावायचे, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करायची, आणि मग खाली सरपटत जाऊन शेवटचा कस द्यायचा.

कुठला झाला, कुठला राहिला, हे कळायला खूण लागते. बाकीचे लोक पिवळा रंग लावायचे. आमच्याकडं तो डिझेलनं पुसला जायचा; कुंकवाचा डाग मात्र जाता जायचा नाही. म्हणून दाजींनी युक्ती काढली होती, तेलात कालवलेलं कुंकू. ताईनं दिलेली डबी त्यांच्या कपाटात असायची. आमच्या दोघांचा कायदाच होता: कुंकू लागलं म्हणजे शेवटचा कस झाला, त्याला परत हात लावायचा नाही. दाजी ते अंगठ्यानं लावायचे, कारण लावायचं बोटच त्यांना नव्हतं. मोठा आडवा ठसा. माझा करंगळीशेजारच्या बोटाचा, छोटा गोल. कुणाचा बोल्ट कुणी कसला, हे लांबूनही कळायचं.

गाडी खाली घेतली तो दिवस खंडेनवमीच्या आदला. दाजींनी उजवी बाजू संपवली, कुंकू लावलं. मी डाव्या बाजूचा मागचा बोल्ट संपवला, लावलं. पुढचा राहिला होता. मी त्याला पाना लावणार, तेवढ्यात दाजी म्हणाले, "टॉर्क पाना लावा. अंदाज नको." आणि माझ्या हातातला पाना घ्यायला हात पुढं केला. "आणा हिकडं, मी कसतो."

त्याच वेळी दारात अरबाब येऊन उभा राहिला होता.

माझ्या डोक्यात एकच आलं. ह्यांना अरबाबला दाखवायचंय, की सगळी गाडी ह्यांनीच केली. मी पाना फिरवला. दाजींच्या मनगटाच्या वर बसला. कातडी अशी उघडली, की आत पांढरं दिसलं. दाजी मागं सरकले, हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आवरा, पाव्हणं," एवढंच म्हणाले, आणि रक्त टिपकवत नळाकडं गेले.

अरबाब ओरडला, "यल्ला, बंद करो!" मी पाना टाकला आणि बाहेर गेलो. पुढचा डावा बोल्ट हातानं लावलेला होता तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. त्यांना स्नान घालायचं, कुंकू लावायचं, आणि दिवसभर कामाला उचलायचं नाही. अरबाबला हे ठाऊक होतं. वर्षातून एक दिवस तो हसून हात हलवायचा. सकाळी मी बसनं करामाला, आपल्या लोकांच्या बाजारात, गेलो आणि झेंडू, नारळ घेऊन आलो. माफी मागायची होती, पण तोंड उघडेना. म्हटलं, पूजा साग्रसंगीत करू. पाने रॉकेलनं धुतले, पोत्यावर मांडले. दाजींच्या हाताला पट्टी, वाकता येत नव्हतं. ते माझ्याशी बोलतही नव्हते; कुंकवाचं ताट त्यांनी नुसतं माझ्याकडं सरकवलं.

मी लावत सुटलो. व्हाईसला लावलं, वेल्डिंगच्या मशीनला लावलं, जॅकला लावलं. मग गाडीखाली सरपटलो. गाडीवर तर आमचं सगळंच अडकलं होतं, तिला कसं चुकवायचं? दांड्यांना लावलं, पाट्यांना लावलं, हौसिंगला लावलं, आणि एकेक करत सगळ्या बोल्टांना लावलं. पुढच्या डाव्यालाही. हात जोडून, मनापासून लावलं. त्या घडीला तो बोल्ट माझ्या डोक्यात देवाचा होता, कामाचा नव्हताच. त्याला कस द्यायचा राहिलाय, हे मला आठवलंसुद्धा नाही.

दुपारी दाजी बॅटरी घेऊन, दुखरा हात छातीशी धरून गाडीखाली गेले. शेवटची तपासणी. एकेक बोल्ट बघितला. सगळ्यांना कुंकू. डाव्या पुढच्याला माझा छोटा गोल. पाना लावून बघितला असता, पण पाने पोत्यावर फुलांखाली होते. मला विचारलं असतं, पण आम्ही बोलत नव्हतो. मी रागात गेलो खरा, पण मागाहून येऊन काम संपवलं असेल, असंच त्यांना वाटलं असणार. माझ्याबद्दल त्यांनी चांगलंच धरलं.

दसऱ्याच्या सकाळी गाडी रिकव्हरीच्या ट्रकवर चढवून रास अल खैमाच्या वाटेला नेली. तिथं एक मोठी वसाहत होणार होती. रस्ते झाले, दिव्यांचे खांब झाले, फुटपाथ झाले, आणि मंदी आली. घर एकही नाही. सरळ, काळा, रिकामा रस्ता, दोन्ही बाजूंना काँक्रीटचे ठोकळे आणि वाळू. अरबाबचा नियम होता, शेवटची तपासणी ज्याची, त्यानं शेजारी बसायचं. स्टिअरिंगवर अरबाबचे दाजी, शेजारी माझे दाजी बसले. पट्टी बांधलेला हात मांडीवर.

पहिल्या वेळी गाडी सुटली आणि मी बघतच राहिलो. मागचा भाग खाली बसला, टायर रस्त्याला चिकटले, एक उडी नाही, एक धक्का नाही. बंदुकीतून सुटावी तशी गेली. अरबाबनं टाळ्या वाजवल्या. "शाब्बास!" तो ओरडला, आणि ते शाब्बास कुणाला होतं ते मला कळलं. दाजी राहणार, मी जाणार. खरं सांगतो, माझ्या मनात त्या क्षणी आनंद नव्हता. मी म्हटलं, काहीतरी मोडू दे.

दुसऱ्या वेळी मोडलं.

सुटता सुटता एक मोठा ठोका आला. मग गाडीचा मागचा डावा कोपरा आत मुडपला, हौसिंग तिरकं झालं, आणि ती नारिंगी गाडी आडवी होऊन उजव्या अंगानं ठोकळ्यांवर गेली. उजव्या अंगाला दाजी होते. काच फुटल्याचा आवाज माझ्यापर्यंत उशिरा आला, तोवर मी धावायला लागलो होतो.

धावताना रस्त्यात मला तो बोल्ट दिसला. मी थांबलो. उचलला. गरम होता. त्याच्या डोक्यावर कुंकवाचा छोटा गोल ठसा होता, माझ्या बोटाचा. त्याच क्षणी मला सगळं आठवलं, पाना, दारातला अरबाब, कालची पूजा. मी बोल्ट खिशात टाकला आणि पुढं धावलो.

अरबाबच्या दाजींना कपाळाला खोक पडली होती. त्यानं माझ्या दाजींना खिडकीतून ओढून वाळूत टाकलं होतं आणि लाथा घालत होता. दाजींचा खांदा भलतीकडंच लोंबत होता, जबडा एका बाजूला सरकला होता, तोंडातून रक्त आणि वाळू. अरबाब विचारत होता, "किसने किया? कौन किया?"

मी मधे पडायला हवं होतं. मी दाजींच्या अंगावर गेलो. कॉलर धरली आणि फाडकन तोंडात मारली, त्याच मोडलेल्या जबड्यावर.

"तू बोल्ट कसला न्हाईस!" मी ओरडलो. "तू बघितलंस शेवटचं, तू!"

आयुष्यात पहिल्यांदा मी दाजींना एकेरीत बोललो.

ते माझ्याकडं बघत राहिले. बोलायला जबडा हलत नव्हता. तरी रक्त थुंकत, मराठीत म्हणाले, "पाव्हणं... कुंकू हुतं. डाव्या फुडच्याला... तुमचं कुंकू हुतं."

अरबाब माझ्याकडं वळला. "क्या बोलता है?"

तिथं ते वाक्य कळलेला मी एकटाच होतो. खिशातला बोल्ट मांडीला भाजत होता.

"बोलता है," मी म्हणालो, "उससे भूल हो गई."

दाजींना हिंदी चांगली येत होती. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तीन आठवडे दवाखाना. मग कॅन्सल. त्यांची बॅग मीच भरली. कपाटातली कुंकवाची डबी बॅगेत टाकायला घेतली, तर ते मानेनं 'नको' म्हणाले. विमानतळावर खांद्याला पट्टा बांधलेला माणूस एका हातानं ट्रॉली ढकलत आत गेला, मागं वळून बघितलं नाही. घरी त्यांनी काय सांगितलं? गाडी घसरली. बस, एवढंच. ताईचा फोन आला तेव्हा ती रडत म्हणाली, "तू होतास तिथं म्हणून बरं झालं रे बाबा. नाहीतर परक्या मुलखात यांना कुणी उचललं असतं?"

मी हो म्हणालो. हो म्हणालो!

मी राहिलो. आणखी नऊ वर्षं. पुढं कामं परत आली, अरबाबनं मला फोरमन केलं. तशा गाड्यांना दांडे बसवण्यात माझं नाव झालं. लांबून लोक यायचे. काम दाजींचं, नाव माझं. एका रंगाऱ्यानं मला उलट उत्तर दिलं म्हणून मी हात उगारला आणि हात तसाच वर राहिला. त्या दिवसानंतर मी कुणाला मारलं नाही. त्यात माझा मोठेपणा काही नाही, हात उचलला की मला तो सरकलेला जबडा दिसतो.

परत आलो तेव्हा ताईच्या घरी जायचं किती दिवस टाळलं. शेवटी खंडेनवमीला तिनंच बोलावलं. दाजींनी इचलकरंजीच्या रस्त्याला छोटं शेड टाकलंय, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे पाटे भरायचं. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. जबडा जरा वाकडाच बसलाय, जेवताना आवाज येतो. मला बघून म्हणाले, "या पाव्हणं, बसा." तेच मानाचं बोलणं, तोच आवाज. ताईनं चहा दिला.

पोत्यावर हत्यारं मांडली होती, झेंडू वाहिला होता. समोर एक तयार ट्रॉली उभी, दोन्ही पाट्यांच्या नटांवर पिवळ्या रंगाच्या रेघा. ताईनं कुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं. "तूच लाव. यांना बोट नाही, सगळं फासून ठेवतात."

मला नाही म्हणता आलं नाही. मी हत्यारांना लावलं. मग ट्रॉलीखाली वाकलो आणि पाट्याच्या पहिल्या नटाला कुंकू लावलं. छोटा गोल ठसा.

मागं हालचाल झाली. दाजी उठले होते. त्यांनी पोत्यावरची फुलं बाजूला केली आणि टॉर्क पाना उचलला.

"अहो, आज खंडेनवमी!" ताई ओरडली. "हत्यार उचलताय?"

"असू दे," दाजी म्हणाले.

मी कुंकू लावलेल्या नटावर त्यांनी डाव्या हातानं पाना घातला आणि ओढला. 'कट'. मी दुसऱ्याला लावलं. त्यांनी दुसऱ्यावर घातला. 'कट'. आठच्या आठ नट, एकामागून एक. एकही सैल नव्हता. ताई दोघांकडं बघत होती, तिला काही कळत नव्हतं.

शेवटचा नट झाल्यावर त्यांनी पाना फडक्यानं पुसला, परत पोत्यावर ठेवला, आणि त्याला अंगठ्यानं नव्यानं कुंकू लावलं.